पंख्याच्या दोरीचा पहिला हिसका

भुतंखेतं, चकवा, करणी, उतारे... यातलं काहीही मी मानत नाही. ऐंशी उलटली, आजही मानत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण या सदरात लिहिणारे सगळे असंच म्हणून सुरुवात करतात आणि पुढे पानभर हडळी नाचवतात. माझ्या गोष्टीत हडळ नाही, पिंपळ नाही, अमावास्या नाही. भर दुपार आहे, तीनशे शिकलेली माणसं आहेत आणि छताला टांगलेला एक कापडी पंखा आहे. एवढ्यावर ज्यांचं भागणार नाही त्यांनी खुशाल पान उलटावं.

लिहायला बसलो त्याला कारण घडलं. गेल्या महिन्यात नातू मला पुण्यातला एक नवा हॉल दाखवायला घेऊन गेला. मऊ खुर्च्या, माइक, एअरकंडिशन, सगळा थाट. कार्यक्रम सुरू झाला आणि वरून मानेवर गार झोत आला. मी उठलो, लोकांच्या पायांवर पाय देत बाहेर आलो आणि पायऱ्यांवर बसून राहिलो. घरच्यांना वाटलं, हार्टचं काहीतरी. डॉक्टर झाले, ईसीजी झाला, हार्ट ठणठणीत निघालं. खरं कारण मी कुणालाच सांगितलं नाही. माझी बायको गेली, तिलाही कधी सांगितलं नव्हतं.

साल सत्तावीस-अठ्ठावीस असेल. मी तेव्हा तेवीस वर्षांचा, रत्नागिरीत एका सार्वजनिक सभागृहाचा व्यवस्थापक होतो. 'व्यवस्थापक' हा शब्द मीच पाटीवर रंगवून घेतला होता. गावात वीज यायची होती, माइक कुणी पाहिला नव्हता, आणि जिल्ह्यात कुठलीही मोठी सभा, परिषद, प्रदर्शन भरायचं म्हटलं की आमच्या हॉलकडे बोट दाखवलं जायचं. मला त्याचा इतका अभिमान होता की पाहुणा आला की मी त्याला चहाच्या आधी हॉल दाखवायचो.

हॉल गावाबाहेर कातळावर होता. जांभ्या दगडाच्या दीड हात जाडीच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, दोन्ही अंगांना मिळून चौदा दारं. तीनशे माणसांची बाकं. बायकांसाठी वर बांबूच्या कामट्यांचे, चिकाचे पडदे लावलेली गॅलरी. मागच्या बाकावरच्या माणसाला व्यासपीठावरचा साधा खोकलाही ऐकू येई, कारण बांधणाऱ्या गवंड्याने भिंती चुन्याने घोटताना रोज एक माणूस व्यासपीठावर उभा करून त्याला बोलायला लावलं होतं. पाण्याचे सहा रांजण, परगावच्या प्रतिनिधींना सामान ठेवायला वेगळी खोली, टांगे उभे करायला माडांची सावली. असं सगळं होतं. आणि या सगळ्यावर कळस म्हणजे पंखा.

आजच्या वाचकांना तो पंखा समजावून सांगायला हवा. छताखाली तीन लांब लाकडी दांडे आडवे टांगलेले, प्रत्येकाला हातभर रुंदीची जाड कापडी झालर. तिन्ही दांडे एका दोरीला बांधलेले. ती दोरी कप्पीवरून जाऊन मागच्या भिंतीत, पुरुषभर उंचीवर पाडलेल्या भोकातून बाहेर पडवीत उतरायची. पडवीत बसलेला माणूस दोरी ओढी, सैल सोडी, पुन्हा ओढी, आणि आत तीनशे माणसांच्या डोक्यावर झालरी पुढेमागे हलत. भिंत एवढी जाड की त्याला आतलं काही ऐकू येत नसे, आणि आतल्यांना तो दिसत नसे. म्हणून व्यासपीठावर अध्यक्षांच्या खुर्चीजवळ एक बारीक दोरी सोडलेली होती, मोठ्या दोरीला जोडलेली. पंखा हवा असला की तिला हिसका द्यायचा. तो बाहेरच्याला हाताला कळायचा.

हा बाहेरचा माणूस म्हणजे राघो शिवलकर. जन्मभर गलबतावर खलाशी होता. डोलकाठीवरून पडून गुडघा निकामी झाला आणि समुद्र सुटला. पन्नाशी ओलांडलेली, अंगाने काटक, दोरीला हात घातला की दोरी जणू त्याची ओळखीची असायची. हाताने दमला की पडवीत उताणा पडून दोरीचा फास पायाच्या घोट्यात अडकवायचा आणि पाय हलवत राहायचा. तसे सगळेच पंखेवाले करत. मी त्याला 'अरे राघो' म्हणत असे. माझ्या वडिलांच्या वयाचा होता, पण तेव्हा तशीच रीत होती आणि मला तिचं काही वाटत नसे. दुपारी त्याची बायको सरू भंडारवाड्यातून पेज आणि तोंडी लावायला सुकी मासळी घेऊन यायची. ती मात्र माझी वहिनी. मी तिला सरूवहिनी म्हणायचो, ती मला भाऊ. माझी आई लहानपणीच गेलेली, आणि चतुर्थीला न चुकता मला तिच्या हातचे मोदक मिळत... मी जातपात मानत नाही असं सांगत ते लपूनछपून खायचो, हेही आता कबूल करायला हरकत नाही.

राघोची एक खोड होती. एका हिसक्याला तो हलायचा नाही. दुसऱ्यालाही नाही. तिसरा हिसका बसला की मग दोरी ओढायला घ्यायचा. मी एकदा विचारलं तर म्हणाला,

"एका हाकेला ओ द्यायची नाय, भाऊ. बापाशीनं सांगून ठेवलाय. गलबतावर पन आमी असाच करायचो."

"अरे पण ही हाक आहे का? दोरी आहे ही."

"हाकच ती. मानूस असला तर दुसऱ्यांदा हाक मारतो, तिसऱ्यांदा शिवी घालतो. एकदाच मारून जो गप ऱ्हातो, तो मानूस नसतो."

मी हसलो. मग त्याने अगदी सहज, आज भरती किती वाजता आहे हे सांगावं तसं सांगितलं, "येतो ना एक हिसका. दुपारचा. आत कुनी नसताना. मी गप बसतंय. मग दुसरा येत नाय."

मी त्याला उंदीर सांगितले, वारा सांगितला, दमट हवेने दोरी आखडते आणि उन्हाने सैल होते तेही सांगितलं. राघोने सगळं ऐकून घेतलं आणि बिडी पेटवली. आयुष्यभर दोऱ्यांवर जगलेल्या माणसाला मी दोरी समजावून सांगत होतो.

त्या वैशाखात आमच्या हॉलमध्ये जिल्ह्यातल्या शिक्षकांची मोठी परिषद भरायची होती. चिपळूण, खेड, संगमेश्वर, कुठून कुठून प्रतिनिधी येणार होते. अध्यक्ष पुण्याचे, मुंबईहून बोटीने येणार. महिनाभर मला झोप नव्हती. बाकांना नंबर घातले, रांजण घासून घेतले, गॅलरीचे पडदे बदलले. आणि परिषदेच्या चार दिवस आधी कमिटीतले एक जण व्यासपीठावर बसून बघत असताना त्यांना पंख्यासाठी तीनदा दोरी खेचावी लागली. ते म्हणाले, "अहो, अध्यक्षांनी काय घंटा वाजवत बसायचं काय?" मला ते फार लागलं. माझ्या हॉलमध्ये, माझ्या व्यवस्थेत खोट! मी तिथल्या तिथे नवा रूल केला. एक हिसका म्हणजे सुरू, दोन म्हणजे बंद.

राघो ऐकायला तयार नव्हता. पडवीत आमची चांगलीच जुंपली. शेवटी मी म्हणालो, "जमत नसेल तर सांग. दोरी ओढायला माणसं मिळतात." त्या गुडघ्याने त्याला दुसरं काम कुठेही मिळणार नव्हतं, हे मला माहीत होतं. म्हणूनच मी ते बोललो. सरू पेजेचं भांडं घेऊन शेजारीच बसली होती. तिने विचारलं,

"म्हंजे पहिल्या हिसक्याला ओ द्यायची. पन भाऊ, ती ओ कुनाची? ह्यांची का तुमची?"

"माझी!" मी म्हणालो. "मी सांगतोय ना? माझ्या नावावर द्या. कोण बोलावतंय ते मी बघून घेईन."

ती हसली नाही. "बरा," एवढंच म्हणाली आणि भांडं झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी हॉलची दारं आतून लावून एकटाच बाकांचे नंबर तपासत होतो. पुढून मागे येत होतो. आठव्या की नवव्या रांगेत असताना माथ्यावर वारा लागला. बरं वाटलं. वर बघितलं तर पंखा चालू. राघो सराव करतोय म्हणून मी पुढची दोन बाकं तपासलीसुद्धा. मग लक्षात आलं... आपण हिसका दिलेला नाही. व्यासपीठाजवळची बारीक दोरी सरळ लोंबत होती. मी दार उघडून, वळसा घालून पडवीत गेलो.

राघो ओढत होता. घामाने निथळला होता.

"कुणी सांगितलं तुला?"

"एक हिसका आला, भाऊ. तुमीच सांगलात, एकाला ओढायचा."

"मी दिला नाही."

"मग कुनी दिलान?" त्याने विचारलं, आणि तरी हात थांबवला नाही. दोन हिसके आल्याशिवाय थांबायचं नाही, हाही माझाच रूल होता. मी त्याला थांब म्हणालो तेव्हा तो थांबला. दोरी त्याने हातातून सोडून दिली. आम्ही दोघं तिच्याकडे बघत उभे राहिलो, आणि ती दोरी वीतभर वर भोकात गेली. हळूच. मग पुन्हा खाली आली. झालरींच्या वजनाने होतं तसं, असं मी मोठ्याने म्हणालो. खरंही असेल ते. राघो मात्र तिकडे न बघता समुद्राकडे बघत होता. त्या क्षणी मी रूल बदलायला हवा होता. कमिटीला काय सांगू, हा विचार आडवा आला, आणि मी बदलला नाही.

परिषदेचा दिवस. सकाळची स्वागतं, पद्यं, अहवाल सगळं सुरळीत झालं. अध्यक्ष भाषणाला उभे राहिले तेव्हा साडेअकरा वाजले असतील. हॉल खचाखच भरलेला, गॅलरीत बायका दाटीवाटीने. अध्यक्षांनी आधी ऐटीत एक हिसका दिला, पंखा हलायला लागला, ते माझ्याकडे बघून हसले. माझी छाती फुगली. मी व्यासपीठाच्या कडेला उभा होतो.

अर्धा तास गेला असेल. पंख्याचा वेग वाढला. आधी लोकांना बरं वाटलं. मग आणखी वाढला. पुढच्या रांगेतल्या एकाचं उपरणं उडालं, लोक हसले. अध्यक्षांचे कागद उडाले, ते धरायला दोघं-तिघं धावले, आणखी हशा. झालरी फटफट वाजायला लागल्या. दांडे कुरकुरले. अध्यक्षांनी दोन हिसके दिले. काही नाही. मी पुढे होऊन बारीक दोरी हातात घेतली आणि दोन सणसणीत हिसके दिले.

दोरीतून उलट एक हिसका आला. माझा हात खांद्यापासून ओढला गेला एवढ्या जोराने.

राघोला पाजी, नालायक म्हणत मी बाजूच्या दाराने बाहेर धावलो. आपली फजिती करतोय, रूलचा सूड उगवतोय, असं मनात आलं होतं. हॉलला वळसा घालून पडवीत पोचलो आणि तिथेच थांबलो.

राघो ओढत नव्हता. तो उताणा होता, पाठ जमिनीवरून उचललेली, दोरीचा फास घोट्यात रुतलेला, आणि ती दोरी त्याचा पाय भोकाकडे वर खेचत होती. खेचायची, सैल सोडायची, पुन्हा खेचायची. आत तीनशे माणसांच्या डोक्यावर जो पंखा हलत होता तो राघोच्या पायाने हलवला जात होता, आणि राघो दोन्ही हातांनी पडवीच्या खांबाला मिठी मारून होता. सरू त्याच्या कमरेला धरून होती. दोघं ओरडत होती. आत कुणाला ते ऐकू जाणं शक्य नव्हतं. आतून मला हशा ऐकू येत होता, अगदी बारीक, उघड्या दारांतून आलेला.

मी फास सोडवायला बघितला. बोट शिरेना. कोयता, सुरी, काहीतरी शोधलं. काही नव्हतं. एवढ्या सोयींनी भरलेल्या हॉलच्या पडवीत एक साधी सुरी नव्हती. दोरी धरून ओढली, तर दोरीने मलाही चवड्यांवर उभं केलं. पलीकडे कुणीतरी होतं. वाऱ्याचं, वजनाचं, कशाचंही ते ओढणं नव्हतं. मी दमलो की तेही थांबायचं, मी जोर लावला की तेही लावायचं. अंदाज घेत होतं.

"ओ द्या!" सरू ओरडली. "भाऊ, ओ द्या! तुमी म्हनालात माझी!"

मला कळलं ती काय म्हणते ते. त्या भोकाकडे तोंड करून फक्त 'ओ' म्हणायचं होतं. एक अक्षर. मी काही मानत नव्हतो. मग ते म्हणायला माझं काय जात होतं? मी तोंड उघडलं. भोकाकडे बघितलं. आत काळोख होता, त्यात दोरी हलत होती... आणि माझ्या घशातून आवाज निघेना. काढला असता तर निघाला असता, हे मला तेव्हाही माहीत होतं. मी तोंड मिटलं.

राघोचा घोटा मोडला तो आवाज मी ऐकला.

मग सरूने त्याला सोडलं. उठली, भिंतीशी गेली, टाचा उंचावून भोकाला तोंड लावलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "ओ! मी सरू. काय ता?"

दोरी सैल पडली. राघोचा पाय खाली आला. आत पंखा थांबला असावा, कारण लोकांनी जोरात टाळ्या वाजवल्या.

परिषद यशस्वी झाली. वर्तमानपत्रात हॉलच्या व्यवस्थेचं कौतुक छापून आलं, पंख्याच्या गमतीचा उल्लेख नव्हता. राघोचा पाय फासात अडकून मोडला, असं मी कमिटीला सांगितलं आणि ते खोटंही नव्हतं. आठवड्याभरात मी पंखा उतरवला. त्याआधी दोन गडी घेऊन सगळे प्रयोग करून बघितले. झालरी हाताने लोटल्या, दांड्यांना माणसं लोंबकळवली, बाहेर दोरीला तांदळाचं पोतं बांधलं. पोतं काही केल्या जमिनीवरून उचललं गेलं नाही. जागेचा इतिहासही काढला. म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारलं, जुने कागद बघितले. तिथे स्मशान नव्हतं, लढाई नव्हती, कुणी जीव दिलेला नव्हता. नुसता कातळ. पावसाळ्यात गवत उगवायचं आणि गुरं चरायची. एखादी भानगड सापडली असती तर मला बरं वाटलं असतं.

राघोचा पाय वाकडाच जुळला. तो घरी बसून जाळी विणायला लागला. मी त्याच्याकडे जायचं टाळत होतो. सरू बाजारात भेटली की मीच मान वळवायचो. असं करत तीन वर्षं गेली. मग कुणीतरी म्हणालं, राघोची बायको फार खंगली, वैद्य झाले, इस्पितळ झालं, काही निदान होत नाही. तेव्हा मात्र गेलो.

दुपार होती. सरू ओटीवर खांबाला टेकून बसली होती. तिला ओळखायला मला वेळ लागला. पुढ्यात सुपात तांदूळ होते, ती निवडत होती. राघो पलीकडे जाळ्यात सुई घालत होता. मी बसलो, पाणी घेतलं, इकडचं तिकडचं बोललो. बोलता बोलता ती मध्येच थांबली, मान जराशी वळवली आणि अंगणाकडे बघून म्हणाली, "ओ."

अंगणात कुणी नव्हतं. राघोने मान वर केली नाही.

"रोज?" मी राघोला विचारलं.

उत्तर तिनेच दिलं. "आधी हाक दिवसात एकदा यायची. आता इतक्यांदा येते की जेवता येत नाय. झोप लागली की येते."

"काय म्हणतं ते?"

"काय म्हनत नाय. ताच तर. कुनी हाक मारलान, आपन ओ दिली, की काम सांगतो ना मानूस? पानी दे, हितं ये, कायतरी. हा काय सांगत नाय, भाऊ. नुसती हाक मारतो. मी ओ देतंय. मग गप. मग परत."

"मग देऊ नका ओ."

"नाय दिली की ह्यांचा पाय ओढतो," ती म्हणाली. राघोने धोतर वर करून दाखवलं. मोडक्या घोट्याभोवती दोरीचा वळ होता. तीन वर्षांपूर्वीचा नव्हता, ताजा होता. कातडी अजून ओली होती.

मी काय बोललो ते आठवत नाही. मुंबईच्या डॉक्टरांचं काहीतरी बोललो असेन. सरूने सूप बाजूला ठेवलं.

"भाऊ, एक मागू?" ती म्हणाली. "एकदा तुमी द्या. एकदाच. तुमच्या नावानं दिलीत तर तुमच्याकडं वळेल का, कोन जाने. नाय वळला तरी मला घटकाभर निजता येईल. मी फार दमलंय."

ती रागावलेली नव्हती. चतुर्थीला 'आणखी एक घ्या' म्हणायची, त्याच आवाजात मागत होती. तेवढ्यात तिची मान वळली. तिने माझ्याकडे बघितलं आणि ओठ मिटून घेतले. वाट बघत राहिली. राघोने जाळं बाजूला टाकून खांब धरला.

मी छत्री उचलली. "येतो वहिनी," म्हणालो. पायऱ्या उतरून अंगणाच्या फाटकापर्यंत, बेड्यापर्यंत आलो तेव्हा मागून राघोचं कण्हणं ऐकू आलं, आणि लगेच तिचा आवाज, "ओ... ओ, आहे मी."

पंधरा दिवसांनी ती गेली. राघो मला एवढंच म्हणाला की दुपारी ओ दिलीन आणि तशीच बसून राहिली. त्यानंतर त्याच्या पायावर कधी वळ उठला नाही. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याने मला बसायला पाट दिला.

मी महिन्याभरात नोकरी सोडली आणि मुंबई गाठली. पुढे संसार केला, मुलं झाली, पेन्शनीत निघालो. या सगळ्या वर्षांत कुणाच्याही हाकेला मी 'ओ' दिलेली नाही. 'काय?' म्हणतो, 'बोल' म्हणतो. बायको या सवयीवर फार चिडायची. मला अजून तरी कुणी हाक मारलेली नाही, म्हणजे तसं काही आलेलं नाही.

दोरी पलीकडून कोण ओढत होतं, याचं स्पष्टीकरण माझ्यापाशी नाही. वाचकांपैकी कुणापाशी असेल तर जरूर कळवावं, मी शास्त्रीय स्पष्टीकरणाचंच स्वागत करीन. त्या दुपारी ओटीवर मी गप्प का राहिलो, हे मात्र कुणी कळवायची गरज नाही. मी भ्यालो होतो. तिला फक्त घटकाभर झोप हवी होती.